अर्धा सातपुडा

माझ्या नवऱ्याला माझं तोंड बघवत नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं. चांगले जेवायला बसलेले असायचे. मध्येच घास हातात थांबायचा, माझ्याकडे बघायचे, चेहरा पांढराफटक पडायचा आणि ताट सारून उठायचे. मग कडब्याच्या खोलीत जाऊन आतून कडी. दिवस कलला की बाहेर यायचे ते काही घडलंच नाही अशा थाटात, आणि भाकर मागायचे. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मी आधी रडले, मग भांडले, मग नाद सोडला. भाजीत मीठ जास्त झालं असेल, नाहीतर माझं नाकच त्यांना आवडत नसेल. देवाने मला नाक जरा मोठंच दिलंय, आणि त्यावर रागही भरपूर ठेवलाय.

त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात तशी रीत नाही. माझ्या मुलावरून चुनीलालचे बाप म्हटलं की गावाला कळतं, आणि गाव त्यांना आप्पा म्हणतं. आणि गावात त्यांच्या रागाचा काय दरारा! ‘आज आप्पाने कडी लावली’ एवढी बातमी गल्लीत गेली की बांधावरून भांडणारे चुलतभाऊ आपोआप गप्प व्हायचे. आप्पा आपल्यावरच चिडलेत असं ज्याला त्याला वाटायचं, कारण ज्याने त्याने काही ना काही केलेलं असायचंच. माझे धाकटे दीर रामसिंग तर एकदा आमच्या गव्हाणीतून नेलेला चारा गुपचूप परत टाकून गेले. एका कडीच्या जोरावर अख्खी भाऊबंदकी सरळ चालत होती. माझा जीव मात्र त्या कडीत अडकायचा. गावाला धाक वाटायचा, मला अपमान वाटायचा.

अशा घरात धनू सून म्हणून आली. सारंगखेड्याची पोर, तापीच्या पाण्यावर वाढलेली. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला, पण पदराआड हसली की तो सारखा हलायचा. तिला चूल फुंकतानाही हसू यायचं. मला आधी राग आला, कारण मला सगळ्याचा आधी रागच येतो. मग हळूहळू लक्षात आलं, की ती पाण्याला गेली की घर मला सुनं सुनं वाटतं. हे मी तिला सांगितलं नाही, सुनांना सगळं सांगायचं नसतं.

कपाशीच्या निंदणीला आम्ही दोघी शेतात होतो. प्रकाशा गावाच्या अलीकडची ती आमची काळी जमीन, वर उत्तरेला सातपुडा आडवा पसरलेला. धनू खुरपं टाकून उभी राहिली.

“आत्याबाई, सातपुडा अर्धा गया!”

मी वर पाहिलं. सातपुडा होता तिथे होता. “कोठे गया?”

“करवतनी खाई टाका.” ती बोटाने हवेत दाखवायला लागली. आधी ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी चमकतं म्हणे. मग ते वाढतं, वाकतं, त्याला दात फुटतात, दात लकलकतात. आणि करवतीच्या पोटात जे असेल ते नाहीसं होतं. काळोख नाही, धुकं नाही. नुसतं नाहीच. थोड्या वेळाने करवत डोळ्याच्या कडेने निघून जाते, डोंगर परत येतो, आणि अर्धं डोकं ठणकायला लागतं. लहानपणापासून असं होतं.

“बस सावलीमा,” मी म्हटलं. “ऊन लागनं व्हई.” ऊन कसलं, आभाळ भरून आलं होतं. पण मला दुसरं काही सुचलं नाही.

आमचं बोलणं शेजारच्या तासातल्या रूपीबाईने ऐकलं. रूपीबाई म्हणजे रामसिंगची बायको, माझी धाकटी जाऊ. तिची भाची तळोद्याला लग्नाची होऊन बसलेली, आणि चुनीलालचं लग्न तिच्या डोळ्यासमोर दुसऱ्या घरी जुळलेलं. संध्याकाळपर्यंत विहिरीवर बातमी पोचली, की आप्पाच्या सुनेला डोंगर दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “डोकं कोनं दुखत नही, जीजी? पन डोंगर हाराई जातस का कोना? पोर येडी शे. बाहेरनं काहीतरी लागेल शे तिले.”

मी तिला दोन शब्द सुनावले आणि रात्रीच्या जेवणाला हे ह्यांच्या कानावर घातलं. मला वाटलं, घरचा कर्ता माणूस एक वाक्य बोलेल आणि जाऊबाईच्या तोंडाला कुलूप लागेल. मी म्हटलं, “आयका ना, सून म्हनस, तिले मधमा सातपुडा अर्धाच दिसस. मव्हरे करवत येस म्हने.”

ह्यांचा पाण्याचा तांब्या हातातच राहिला. “तिले सांग,” ते म्हणाले, आणि असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, “हाई गोट परत कोनाच मव्हरे काढू नको.” उठले, कडब्याच्या खोलीत गेले, कडी लावली.

झालं. आप्पाला सून पसंत नाही, याचा निकाल गावाने लावून टाकला. रूपीबाईने दीर-जावांच्या घरी फिरून ठरवूनही टाकलं, की श्रावणात कानबाई बसली म्हणजे सोमवारी सगळे भाऊबंद प्रसादाचे जाड रोट खायला जमतात, तेव्हा बोलायचं. पोरीला बरी होईपर्यंत माहेरी धाडायचं. ‘बरी होईपर्यंत’ म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या मुली परत येत नाहीत, त्यांच्या जागी दुसरी येते.

चुनीलालला विचारलं, तर टोपी हातात फिरवत म्हणाला, “आप्पा म्हनतीन तसं.” गावात प्रभातफेरीच्या पुढे झेंडा घेऊन चालणारा माझा मुलगा, घरात बापापुढे मांजर. धनूने मात्र पदर बाजूला सारून सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “आत्याबाई, माले धाडू नका. मी येडी नही शे.”

“येडी तू नहीस,” मी म्हटलं. “येडा हाऊ मन्हा आंडोर शे.” ती हसली, पण पदर हलला नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता कानबाईचं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई येते. घर सारवायचं, भिंती पोतायच्या, देव्हाऱ्यातलं पिढ्यान्‌पिढ्यांचा नारळ काढून त्याला डोळे, नाक, नथ घालून सजवायचा. आमच्या घराण्यात एक जास्तीची रीत आहे. कानबाईच्या पाटामागची भिंत घरातल्या सगळ्यात नव्या सुनेने रंगवायची. चंद्र-सूर्य, गाय-वासरू, झोका, मागे सातपुडा आणि खाली तापी. आणि एकदा रंगाचं बोट भिंतीला लागलं, की कानबाई नदीवर जाईपर्यंत त्या भिंतीला कुणी पाणी लावायचं नाही. चुकलं तर चुकलेलंच पुजायचं. मी नवी सून होते त्या वर्षी माझ्या चित्रात गाईला पाच पाय झाले होते, आणि ती तशीच पुजली गेली.

रूपीबाई म्हणाली, यंदा भिंत दुसऱ्या कुणाला द्या. मी म्हटलं, रीत मोडायची असेल तर रोटही तुझ्याच घरी कर, आणि पीठही तूच दळ. दळायचं नाव काढलं तशी ती गप्प बसली.

रविवारी सकाळी धनूने गेरू भिजवला, हळद कालवली, निळीची पुडी सोडली, दिव्याची काजळी तेलात घोटली. काडीला चिंधी गुंडाळून ती पांढऱ्या भिंतीपुढे बसली, आणि मी जात्यावर. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा माप गहू दळायचे असतात, आणि आमच्या घराण्यात पुरुषांना तोटा नाही. मधेच डोकावले तेव्हा सातपुडा झाला होता, आणि सुंदर झाला होता. निळीची एकावर एक ओढ, जशी पावसाच्या सकाळी डोंगरांची रांग दिसते तशीच. मला बरं वाटलं. मी दळायला परत गेले.

पुन्हा गेले तेव्हा धनू डोक्याला फडकं घट्ट बांधून खांबाला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. आणि भिंतीवर गाय नव्हती. वासरू नव्हतं, झोका नव्हता, चंद्र-सूर्य तर नव्हतेच. सातपुड्याच्या बरोबर मध्यावर तिने पांढरी भिंत कोरीच सोडली होती. त्या कोऱ्या जागेभोवती एक मोठी वाकडी कमान, नालासारखी, नुसत्या दातांची. पिवळा दात, तांबडा दात, निळा, काळा, पुन्हा पिवळा. एकाला लागून एक, लहानापासून मोठे होत गेलेले. आणि तापी त्या कोऱ्या जागेत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर निघत होती.

“हाई काय करं तू!” मी ओरडले. “आजना दिनले? बठा भाऊबंद येवाना शेतस!”

“चित्र काढता काढता करवत उनी, आत्याबाई,” ती डोळे न उघडता म्हणाली. “गाय कोठे काढू? जागाच दिसे ना. जे दिसनं ते काढं.” मग थोडं थांबून म्हणाली, “धाडानं ते धाडा. पन माले काय दिसस ते देखीसन धाडा.”

माझ्या हातात ओलं फडकं होतं. भिंत पुसायची नाही ही रीत, आणि ती राखायला निघालेली मीच. मी फडकं खाली टाकलं. खोटं कशाला सांगू, भिंतीकडे परत बघितलं आणि मला ते वाईट वाटेना. दात हलतायत असं वाटलं. डोंगर आहे आणि नाही, असं माझं मलाच होऊ लागलं. मी डोळे चोळले आणि घाबरून स्वयंपाकघरात पळाले.

कानबाई बसवायला म्हणून दुपारीच घर भरलं. जो येई तो भिंतीपुढे थांबे. रामसिंग म्हणाले, ही तापीतली सुसर आहे, जबडा उघडून बसलेली. एक चुलत दीर म्हणाला, छे, हा किल्ल्याचा कोट आहे. चुलतसासूबाईंना काहीच कळलं नाही, म्हणून त्यांनी हात जोडले. रूपीबाई मात्र आनंदाने फुलली होती. “देखा! कानबाई बसाडानी जागावर काय करी ठेवं इनी! आते तरी पटनं का?”

एवढ्यात हे नदीवरून पाण्याचा कलश घेऊन आले. उंबऱ्यात थांबले. भिंत दिसली, आणि चेहरा पांढराफटक. सगळ्यांना माहीत होतं, आता काय होणार. कडब्याच्या खोलीकडे जायची वाटसुद्धा लोकांनी मोकळी करून दिली. चुनीलाल समोरच्या भिंतीला चिकटला.

ह्यांनी कलश खाली ठेवला आणि चित्रापाशी गेले. एक डोळा हाताने झाकला. मग दुसरा झाकून पाहिलं.

सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेने तर नाहीच नाही, अशी आमची रीत. म्हणून धनू तीन हातांवर खांबाआड उभी असूनही हे मला म्हणाले, “चुनीलालनी माय, तिले इचार. हाई करवत थांबेल ऱ्हास का हालस?”

मी धनूकडे वळले. “हालस का थांबेल ऱ्हास?”

“हालस,” पदराआडून आवाज आला. “उकळता पानीना मायक.”

मी ह्यांच्याकडे वळले. “हालस म्हनस ती, उकळता...”

“आयकं मी. तिले इचार, कोनती बाजूले निंघी जास?”

“कोनती बाजूले व?”

“उजवी.”

“उजवी म्हनस.”

“मन्ही डावीले जास,” हे म्हणाले.

मन्ही. मी ऐकलं, रामसिंगने ऐकलं, घरभर सगळ्यांनी ऐकलं.

“तिले इचार,” हे एका दातावर बोट रोखून म्हणाले, “दातेस्मा निळा काब्र काढा? निळा नही ऱ्हास. चांदीना मायक पांढरा ऱ्हास.”

मी विचारायच्या आत धनू बोलून मोकळी. “निळाच ऱ्हास, मामंजी!”

“पांढरा.”

“पहिले पिवळा, मंग निळा. तुम्हीन नीट देखं नही व्हई.”

“मी नीट देखं नही? तू जलमनी नव्हती तवपासून देखी ऱ्हायनू मी!”

सून सासऱ्याशी सगळ्या भाऊबंदांसमोर वाद घालत होती, पदर खांद्यावर आला होता, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी दोघांच्या मधे उभी, आणि माझं कुणालाच काम उरलं नव्हतं. दाताचा उतार किती, कोरी जागा वाढते कशी, उजेडात जास्त होतं की सावलीत. धनू ठणकतं डोकं विसरली होती. हे खाली जमिनीवर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. लग्नाच्या मांडवातसुद्धा मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

“हाई सातपुडानं चित्र नही शे,” हे सगळ्यांना म्हणाले. “हाई डोकानं चित्र शे. डोंगर तठेच ऱ्हास. आपलं डोकंच त्याले थोडा येळ पुसी टाकस, आनि मंग परत काढी देस. माले वाटे, जगमा मी एकलाच शे.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या फुईलाही असंच दिसायचं. बापाच्या त्या बहिणीने ते चारचौघांत सांगितलं, तर लोकांनी तिला वेडी ठरवून नवऱ्याच्या घरून परत पाठवलं. ती उरलेलं आयुष्य ओसरीच्या कोपऱ्यात, कुणी न बोलता जगली. लहानपणी ह्यांनी ते पाहिलं, आणि स्वतःच्या डोळ्यात पहिली करवत आली त्या दिवशी ठरवलं, की मरेपर्यंत बोलायचं नाही. म्हणून सुनेलाही त्या रात्री गप्प राहायला सांगितलं. रागाने नव्हे, भीतीने.

“म्हनजे तो राग नव्हता?” मी विचारलं. “कडी लाईसन बसेत ते?”

“राग कसाना? डोकं फुटे. अंधारमा पडी ऱ्हाऊ.”

“मंग मन्हं तोंड देखीसनच काब्र उठेत?”

ह्यांनी खाली मान घातली. “लगीन व्हयनं त्या साले, जेवता जेवता करवत उनी, आनि तुन्हं अर्धं तोंड नही. बांगड्या दिखेत, पदर दिखे, तोंड नही. मी घाबरनू. वाटनं, आपुन देखत ऱ्हायनूत ते इले काही व्हई जाई. म्हनीसन उठू. तुले काही व्हवाले नको.”

मी काय केलं असेल? मी ओरडले. इतक्या वर्षांत मीठ कमी केलं, जास्त केलं, नाकाला दोष दिला, देवाला दोष दिला, आणि हा माणूस मला वाचवायला कडब्यात जाऊन बसत होता! एक शब्द सांगता आला नसता? सगळ्या भाऊबंदांसमोर मी त्यांना बोल बोल बोलले, आणि बोलता बोलता रडायला लागले, आणि रडता रडता मला इतका आनंद झाला की मी धनूलाच मिठी मारली. तिच्या डोक्याला माझं डोकं लागलं तशी ती कळवळली. बिचारीची अर्धशिशी अजून तशीच होती.

संध्याकाळी कानबाई त्या भिंतीपुढे बसली. नथ घातलेला नारळ, आणि मागे अर्धा सातपुडा.

सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत तापीवर नेऊन आणलं. रोटाच्या पंगतीला सगळे भाऊबंद बसले, तेव्हा रूपीबाई तरीही म्हणाली, “ते सूननं काय ठरनं मंग?” हार मानणं तिच्या रक्तात नाही, तेवढ्यापुरती ती मला आवडते.

“तिले माहेर धाडानी व्हई,” हे शांतपणे रोट मोडत म्हणाले, “ते मालेबी तिना संगे धाडा. चुनीलाल, गाडी जुप.”

चुनीलाल उठला, सगळ्यांदेखत टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, “मंग मीबी येस. गाडी कोन हाकी?” एवढं वाक्य बोलायला त्याला कानबाईची वाट पाहावी लागली, पण बोलला. पंगत हसली. एकटे रामसिंगच विचारात पडले होते. “दादा,” ते हळूच म्हणाले, “म्हनजे त्या साले तू मन्हावर रागावना नव्हता? मी तो चारा परत टाका तवय?”

“कोनता चारा?” ह्यांनी विचारलं. त्यानंतर हसण्याने पंगतीत कुणाला घास गिळता येईना.

दरारा गेला तो गेलाच. आता बांधावरून भांडणं होतात आणि कडीला कुणी भीक घालत नाही. त्याचं ह्यांना काही वाटत नाही. सासरा-सून ओसरीवर बसून निळा की पांढरा यावर वाद घालतात, आणि मधे मला बोलावून विचारतात, जशी काही मला करवत दिसते!

पोळ्याच्या आदल्या दिवशी हे जेवत होते. घास हातात थांबला. माझ्याकडे बघितलं, चेहरा पांढरा पडला, आणि सवयीने ताट सारून उठायला लागले. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“काय गयं आज?”

ते भीत भीत माझ्याकडे बघत राहिले. “नाक,” ते म्हणाले. “नाक गयं तुन्हं.”

“बरं व्हयनं. आनि नथ?”

“नथ दिखी ऱ्हायनी.”

“मंग तिले देखत ऱ्हावा,” मी म्हटलं, आणि माझं नाक परत येईपर्यंत त्यांच्यासमोरून हलले नाही.